‘फील’च्या चिठ्ठ्या

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. नरसिंगराव मास्तरांसाठी बंगळुरातली आपली बहुतेक मराठी घरं आज इथे आलीत. मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. मला भाषण येत नाही. मी तार ऑफिसातला माणूस. दुसऱ्यांचे शब्द उतरवून घेण्यात जन्म गेला. आज स्वतःचे शोधायचे आहेत. सांभाळून घ्या.

मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रज गेले त्याला पंधरा वर्षं झाली, पण पोरांच्या परीक्षेत इंग्रजी आहेच, म्हणून ते इंग्रजी-मराठी कोश करत होते. तो कसा करत, ते मात्र तुम्हाला ठाऊक नसेल. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर ते बोलायचे आणि मी चिठ्ठ्यांवर लिहायचो. एका चिठ्ठीवर एक वाक्य. पुस्तकातलं वाक्य चालायचं नाही. "कुणाच्या तरी तोंडून आलेलं पाहिजे, गोविंदा. नाहीतर फाड ती चिठ्ठी."

गेल्या उन्हाळ्यात ‘फील’ हा शब्द निघाला. मी म्हटलं, त्यात काय एवढं, ‘वाटणे’ लिहा आणि पुढे चला. अहो, काय चिडले! दंडाला धरून मला चिकपेटला नेलं. साडीच्या दुकानात एक बाई पदर चिमटीत धरून चोळून बघत होती. "हिला काही वाटतंय का? ही पोत बघतेय. हेही फीलच. लिही!" आम्ही इतका वेळ उभे, की दुकानदार म्हणाला, "अण्णा, स्वल्प बाजूला व्हा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

आजी नातवाच्या कपाळावर हात ठेवते आणि म्हणते, अंग गरम लागतंय. तेही फील. दिवे गेले की आपण काडेपेटी चाचपतो. तेही फील. कुणी टाकून बोललं की मनाला लागतं. तेही फीलच. "इंग्रजांनी एका शब्दात भागवलं, आपण भागवायचं नाही," असं म्हणून मास्तर हसायचे. बुटाचं एक खोकं त्या एका शब्दानं भरलं.

त्यांच्या पत्नी, तुंगक्का, इथे पुढेच बसल्या आहेत. त्या वैतागायच्या. "गोविंदअण्णा, पाय दुखतोय म्हटलं तर तेल आणायचं सोडून हे चिठ्ठी आणतात! नेमकं कसं दुखतंय, सांग म्हणे!" आम्ही दोघे पोट धरून हसायचो.

आता पुढचं बोलणं अवघड आहे. पण बोलतो.

मास्तर गेले त्याच्या आधीचा रविवार. ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. डोळे मिटून म्हणाले, "डावा हात जड वाटतो. छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं वाटतं."

मी ते ‘फील’च्या चिठ्ठीवर लिहिलं. लिहिलं, मंडळी! आणि वर शहाणपणा केला. म्हटलं, "मास्तर, पाट नको. दगड घालू या, पोरांना लवकर कळेल."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. दगड घाल."

मी पाट खोडला, दगड लिहिला. कॉफी प्यायलो आणि घरी गेलो.

गुरुवारी ते वर्गात खुर्चीतच गेले. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. म्हणाले, आठ दिवस तरी त्रास होत असणार, कुणाला बोलले नाहीत का?

दगड घाल, असं का म्हणाले असतील? माझ्यावर रागावले? की त्यांनाही वाटलं, हे नुसतं वाक्यच आहे, आपण उगीच घाबरतोय? रोज विचार करतो. काही कळत नाही. वाक्य माणसाच्या तोंडून घ्यायचं, हे ज्यानं मला शिकवलं, त्याच्याच तोंडाकडे मी बघितलं नाही. खाली मान घालून लिहीत बसलो. काय म्हणावं मला?

दहाव्या दिवशी तुंगक्का मला म्हणाल्या, "साऱ्या गावाला विचारत फिरले, कुठे दुखतंय, कसं दुखतंय. स्वतःचं दुखणं तेवढं लपवलं. एवढी परकी होते का हो मी?" त्या रडत होत्या आणि मी गप्प होतो. लाज वाटली, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली. तुम्ही सगळे मला मास्तरांचा उजवा हात म्हणता ना!

आज सगळ्यांसमोर बोलतोय, कारण एकट्यानं सांगायला तीनदा तुमच्या दारापर्यंत आलो, अक्का, आणि तीनदा परत गेलो.

तुंगक्का, त्यांनी लपवलं नव्हतं. ते बोलले होते. तुम्ही आत कॉफी करत होतात. उठून तुम्हाला एक हाक मारायची, एवढंच काम माझ्याकडे होतं. मी ते केलं नाही. त्यांच्यावर रुसू नका. जे काय बोलायचं, ते मला बोला. मी उद्या सकाळी येतो. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मंडळी, आता उभे राहू या आणि दोन मिनिटं शांत राहू या. अक्का, तुम्ही बसूनच राहा. मास्तर, हा माझा नमस्कार. तुम्ही तो घ्याल की नाही, मला माहीत नाही.