पंख्याचा चौथा स्क्रू

तातेराव : ...अन् हा म्हणे कम्प्युटर इंजिनिअर! सकाळपासून त्या डब्याचं एक झाकण काढून बसलाय. गिरिजा, ये इकडं, बघ तुझा लेक. ब्रशनं धूळ झटकून राह्यला. आपल्या घरात पेंटर निघाला.

सुमित : पप्पा, धूळ काढावीच लागते. तिच्यामुळंच जुना पंखा जाम झाला. हे बघा, बोटानं ढकललं तरी फिरत नाही.

तातेराव : हा? एवढासा? ह्या बिस्किटाएवढ्या पंख्यापायी अख्खा कम्प्युटर बंद पडतो?

सुमित : हाव. ह्याच्या खाली प्रोसेसर असतो, तो तापतो. हवा भेटली नाही की थोड्या वेळात मशीन आपोआप बंद होतं. परवा सराव परीक्षेत तसंच झालं ना. आज दुपारी खरी परीक्षा आहे कंपनीची. मध्येच बंद पडलं तर पुन्हा बसू देत नाहीत.

तातेराव : तापलं म्हणून बंद! आमच्या लोखंडाच्या मिलमध्ये तापलेली लाल सळई पायाजवळून सापासारखी पळती. आमी न्हाई कधी बंद पडलो.

गिरिजाबाई : पडले असते तर बरं झालं असतं. घटकाभर घरात शांतता राह्यली असती.

तातेराव : तू मधी बोलू नको. ह्याला विचार, चांगला माणूस काहून न्हाई बोलवला?

सुमित : चार स्क्रूचं काम आहे. त्याला माणूस कशाला?

तातेराव : चार स्क्रू! मंग सकाळपासून किती काढले?

सुमित : चारही काढलेत. हे काय, ताटलीत ठेवलेत.

तातेराव : ताटलीत! गिरिजा, वरून जरा शेव टाक, कांदा टाक. पाव्हण्यांना देऊ.

गिरिजाबाई : ताटली माझी हाय, मागून घासून द्या म्हणजे झालं. अन् तुम्ही जरा बाजूला व्हा. दारात उभं राहून सगळा उजेड अडवला.

तातेराव : ह्याला उजेड पण लागतो! आमी धुरात, घामात, डोळे मिटून बोल्ट बसवत होतो. कंपनीवाल्यांना सांग रे, माझ्यासंग एक खिडकी पण कामावर घ्या.

सुमित : आता नवा पंखा बसवतो. हा असा. हवा खाली जायला पाहिजे, त्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर. उलटा बसला तर...

तातेराव : अरे, पंख्यावर बाण काढलेला हाय ना? मला इथून दिसून राह्यला. तरी दोनदा फिरवून बघतो. तुला नोकरी लागली तर पहिल्या दिवशी ऑफिसचं दार ढकलायचं का ओढायचं, ह्यातच संध्याकाळ होईन.

सुमित : घाई केली की चुकतं, पप्पा.

तातेराव : घाई? तू? पुण्याला गेल्ता, परत आल्ता. संभाजीनगरला गेल्ता, परत आल्ता. तुझ्यापेक्षा एस्टी बरी. ती जाती तेव्हा कोणाला तरी ठिकाणावर पोचवून येती.

गिरिजाबाई : अवं, आज परीक्षा हाय त्याची. आजच्या दिवस तरी तोंड आवरा.

तातेराव : काहून आवरू? चौकात बसलो की लोक विचारतेत, पोरगं काय करतं. काय सांगू? धूळ झटकतं?

सुमित : सांगा ना, घरी बसून बापाचे टोमणे खातं. दोन्ही टाइम भेटतेत, ताजे असतेत.

तातेराव : ऐकलं का? जबान बराबर चालती. हात चालत न्हाईत. सरक.

सुमित : कुठं?

तातेराव : सरक म्हणलं ना. दे तो पेचकस इकडं.

सुमित : राहू द्या, पप्पा. बोर्ड नाजूक असतो. पेचकस निसटला तर सगळंच जाईल.

तातेराव : तू जन्मायच्या आधीपासून मिलमधी रोलिंगच्या मशीनवर हाय मी. ज्या बेअरिंगला दोन माणसं लागतेत, ती एकट्यानं बसवली. अन् मला तू बिस्किटाएवढा पंखा शिकवतो? नीट बघून घे. तुझ्या कॉलेजात न्हाई शिकवत हे.

सुमित : मंग आधी पंख्याच्या वायरचा प्लग तरी बोर्डाला लावू द्या.

तातेराव : लाव तुझा प्लग. लावला? आता हात काढ. हा बघ पहिला.

सुमित : भोकावर नाही तो. जरा डावीकडं घ्या.

तातेराव : दिसतं मला.

सुमित : थोडं... पप्पा, पुन्हा सरकला.

तातेराव : स्क्रूच भंगार हाय. माशीच्या टांगेएवढा. धरायचा कुठं माणसानं? ज्यानं बनवला त्यानं तरी हातात धरला का कधी?

गिरिजाबाई : पडला.

तातेराव : पडला न्हाई, ठेवला.

गिरिजाबाई : आतमधी?

सुमित : थांबा, हलवू नका काही. बोर्डावर पडलाय. तसाच राह्यला अन् करंट चालू केला तर बोर्ड जळतो. मम्मी, काटा काढायचा चिमटा दे. जल्दी.

गिरिजाबाई : हा घे. हळू काढ बाबा.

सुमित : निघाला. द्या पेचकस, मी बसवतो.

तातेराव : एक पडला म्हणून काय लगेच हिसकावून घेतो? तू मधी डोकं घालतो, म्हणून अंधार पडतो. सरक. हा एक... बसला. हा पण बसला. अन् हा तिसरा. बघ. आता ज्याला पाडला म्हणून ओरडत होता, तो चौथा. असा पिळायचा, की आयुष्यभर हलला न्हाई पाह्यजे.

सुमित : बास, पप्पा. बास! प्लास्टिक आहे ते!

गिरिजाबाई : अगं बाई, कडकन वाजलं काय?

सुमित : कोपरा तुटला. पंख्याचा कोपरा तुटला! बास म्हणून ओरडून राह्यलो ना? एकच पंखा आणला होता मी. आता कुठून आणू दुसरा? दुपारी परीक्षा आहे माझी! असंच काम करता का तुम्ही मिलमध्ये? हात एकीकडं, स्क्रू एकीकडं. मालकानं अजून मशीनवर ठेवलं कसं तुम्हाला?

(रस्त्यानं एक टेम्पो हॉर्न वाजवत जातो.)

तातेराव : न्हाई ठेवलं.

सुमित : काय?

तातेराव : मशीनवर न्हाई ठेवलं. गेटवर बसवलंय, पोळ्यापासून. गाडी आली की दांडा वर करायचा, गेली की खाली करायचा.

सुमित : तुम्ही? गेटवर?

तातेराव : हाव, मी. वॉचमनचा शर्ट तिथंच खुंटीला ठेवून येतो. लई आरामाचं काम हाय. मिल तिकडं जळती अन् मी इकडं लिंबाखाली बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला हेवा वाटन असलं काम.

सुमित : हात दाखवा.

तातेराव : काही झालं न्हाई हाताला. थंडी पडली, म्हणून हलतो जरा.

गिरिजाबाई : उन्हाळ्यात पण हलत होता.

तातेराव : तुला कोणी विचारलं?

गिरिजाबाई : मला विचारायला कशाला लागतं? कपडे कोण धुतं? पहिले तुमचा शर्ट भिजवला की बादली काळी व्हायची. आता एका पाण्यात निघतो. मला काय वाटलं असंल, मालकानं मिलमधी फरशी बसवली?

तातेराव : मंग बोलली काहून न्हाई?

गिरिजाबाई : बोलायला जागा कुठं ठेवली तुम्ही? रोज जेवायला बसले की मशीनच्या गप्पा. आज अशी सळई धरली, आज तसा रोल बदलला. एवढं रंगवून सांगत होते, म्हणलं सांगू द्या. गेटवर बसून डोकं तरी चाललं.

सुमित : झालं काय होतं, पप्पा?

तातेराव : सळई वाकडी आल्ती. चिमट्यानं धरून वळवायची होती. हजार वेळा केलेलं काम. त्या दिवशी धरली गेली न्हाई. माझ्या जोडीला असतो त्या धर्मराजच्या पायाला चाटून गेली. लागलं न्हाई त्याला, बूट जळाला नुसता. तो हसला पण. सुपरवायझरनं पाह्यलं... अन् मी पण पाह्यलं ना.

सुमित : डॉक्टरकडं गेल्ता का?

तातेराव : डॉक्टर काय करणार? तो माझा हात बघन, मी त्याचं तोंड बघन. तू तुझ्या पंख्याचं बघ. एक कोपरा गेला तर बसला रडत. का तीन स्क्रूवर चालत न्हाई तुमचं इंजिनिअरिंग?

सुमित : चालतं. तिकडून पट्टी बांधतो प्लास्टिकची. वायर बांधायच्या पट्ट्या आहेत माझ्याकडं. पण पंखा वरून दाबून धरायला लागंल. धरा तुम्ही.

तातेराव : मी?

सुमित : मंग कोण?

तातेराव : मला काम काढून देऊन राह्यला का? कीव आली बापाची?

सुमित : कीव करायला टाइम नाही मला. पंखा कोणी तोडला? तुम्ही. मंग धरा. बोटानं नाही, तळहातानं. पूर्ण भार द्या.

तातेराव : असा?

सुमित : असाच. दाबला की नाही हलत, बघा. आता श्वास घेऊ नका.

तातेराव : श्वास तरी घेऊ दे रे. अजून मालक न्हाई झाला तू.

सुमित : पट्टी ओढली. काढा हात. मम्मी, तिकडचं बटन दाब.

गिरिजाबाई : दाबलं. फिरतोय का?

सुमित : फिरतोय. जरा घरघरतो, पण फिरतोय. पप्पा, हात धरा इथं वर. लांबून. हवा खाली ओढून राह्यला का?

तातेराव : हाव. ओढतो.

सुमित : हा आकडा बघा, ही गर्मी. परवा एवढ्या वेळात बंद पडलं होतं. आता वर चढतच नाही. झाकण नाही लावत आता, परीक्षा झाल्यावर लावू. तुम्ही दोघं बाहेर बसा. कॅमेरा चालू असतो, दुसरा आवाज आला की बाद करतेत.

तातेराव : वा! बापानं दाबून धरलं, अन् आता बापालाच बाहेर काढतो.

सुमित : दारावर बसा. कोणाला आत येऊ देऊ नका. शेजारच्या सोनूबाई मावशी येतात रोज ह्याच वेळेला.

तातेराव : सोनूबाई काय, मालकाची जीप जरी आली तरी दांडा वर होणार न्हाई. ते काम येतं मला आता.

सुमित : अन् पेपर झाला की सरकारी दवाखान्यात जायचं. तयार राहा.

तातेराव : तू पास हो आधी.

सुमित : पास-नापास कंपनी सांगल. दवाखान्याचं मी सांगून राह्यलो.

तातेराव : बघ गिरिजा, कसा बोलतो. एक पंखा काय बसवला, घरचा सुपरवायझरच झाला.

गिरिजाबाई : दार ओढून घ्या अन् बसा गुपचूप. चहा ठेवू का?

तातेराव : ठेव. अन् गिरिजा...

गिरिजाबाई : काय?

तातेराव : माझा कप अर्धाच भर.