दोनशे चाळीसचा भाव

नाही, पण मला एक सांगा, रद्दी विकणं हा काय गुन्हा झाला? बोईसर स्टेशनबाहेर माझं सायकलचं दुकान, पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईक वाचत बसतं म्हणून मी पेपर घेतो, जुने झाले की पोटमाळ्यावर टाकतो, पोटमाळा भरला की विकतो, सगळं जग विकतं! पण नवापूरच्या येसूबाईनं परवा मला भर बाजारात गाठलं आणि ओरडली, "तुज्या पेपरांनी माजं घर बुडवलं!" अहो, मी तिला ते पेपर सुके बोंबील बांधायला दिले होते, तिच्या नवऱ्याला वाचायला नव्हे!

आता हा नवरा म्हणजे वामन. पन्नाशीचा गडी, समुद्रावरच जन्म गेला, चौथीपर्यंत शिकलेला. होडी स्वतःची, पण शिडाची. आणि त्याच्याच गावच्या दामूच्या होडीला तेव्हा नुकतं मशीन लागलं होतं... डुक डुक डुक करत दामू ह्याच्या डोळ्यांदेखत पुढे निघून जायचा, दामूचं पापलेट बाजारात विकून पैसे गाठीला बांधून व्हायचे, तेव्हा आमचा वामन कुठे किनाऱ्याला लागत असायचा! दोन तास उशीर म्हणजे भाव निम्मा. त्यात उजवा खांदा गेलेला, वल्हं मारलं की रात्रभर शेक घेत बसायचा. तेव्हा मशीन हवंच होतं, चैन नव्हती. मशीन आठ हजाराचं. येसूबाईनं बोंबील विकून विकून अकरा वर्षांत साठवलेले सहा हजार शंभर. दोन हजार कमी... फक्त दोन हजार हो!

अशात पासष्टच्या पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या, हाताला काम नाही, म्हणून वामन बायकोच्या पाटीतली रद्दी वाचायला बसला. सुरुवातीला खून, दरोडे, मग सिनेमाच्या जाहिराती, आणि ते सगळं संपल्यावर शेअरबाजाराचं पान. तुम्हाला सांगतो, ते पान मी आयुष्यात वाचलेलं नाही! मुंगीएवढे आकडे. पण ह्याला त्यात 'जयकिरण केमिकल' नावाची एक कंपनी सापडली. का सापडली? नाव सोपं होतं म्हणून! त्रेसष्टच्या दिवाळीत भाव एकशे नव्वद. चौसष्टच्या दिवाळीत दोनशे पंधरा. पासष्टच्या मार्चात दोनशे चाळीस. आणि जूनच्या ताज्या पेपरात? एकशे एकवीस!

झालं. वामन उठला. धावत माझ्या दुकानात, पेपर छातीशी धरलेला, "भाऊ, दोनशे चाळीसचा माल एकशे एकवीसला देतात! अर्ध्या भावात!" मी म्हटलं, बाबा, काहीतरी खोट असेल, उगीच कोण अर्ध्या भावात देईल? तर म्हणतो, "मागचा भाव बगा, भाऊ, मागचा! दोन वर्सं चढतच हाय. आता पडलाय, पुन्ना चढंल. आमी नाय का बगत, भरती-ओहोटी!"

तसा तो अगदीच बावळट नव्हता, ते मात्र मी सांगेन. त्यानं वही घातली. एकेका तारखेचा एकेक भाव, पेन्सिलनं, ओळीनं. पण मार्चानंतर एकदम जून! मधला एप्रिल आणि मे गायब! का? कारण त्या दोन महिन्यांचे पेपर येसूबाईनं आधीच गिऱ्हाइकांच्या गळ्यात घातलेले! मग काय विचारता... हा बाजारात बायकोच्या शेजारी उभा, आणि जी बाई पुडी घेऊन दिसेल तिच्या मागे, "ओ ताय, जरा तारीक बगू!" बायका किंचाळायच्या. येसूबाई कपाळाला हात लावून म्हणायची, "अवो, लोकं काय म्हनतील? बाईच्या हातातली पुडी ओढताव!" एकदा तर शेराची पुडी त्यानं सोडली, पेपर वाचला, आणि बोंबील बाईच्या पदरात मोकळे ओतून दिले!

शेवटी येसूबाईला आठवलं, मे महिन्यात मासवणच्या लाडकीनं लग्नघरासाठी दहा शेर बोंबील नेले होते, सगळे माझ्याकडून तेव्हा नुकत्याच नेलेल्या, म्हणजे एप्रिलच्याच, पेपरांत बांधून. वामन निघाला मासवणला! भर पावसात, कुठे एसटी, कुठे पायी, चिखलात गुडघाभर. लाडकीच्या दारात जाऊन उभा. ती बिचारी घाबरली, वाटलं बोंबलाचे पैसे राहिलेत. हा म्हणतो, "पैशे नको. पेपर दे." ती म्हणाली, "कागूद? त्यो तर कवाच चुलीत गेला." तुम्हाला सांगतो, त्या चुलीपुढे बसून वामननं राख चिवडून बघितली! लाडकीनं त्याला नाचणीची भाकर दिली, ती खाऊन परत आला.

आणि घरी येऊन त्यानं काय करावं? वहीत मार्चातल्या दोनशे चाळीसपासून जूनच्या एकशे एकवीसपर्यंत पट्टीनं सरळ रेघ मारली! एप्रिल नाही, मे नाही, रेघ! म्हणाला, "मधी काय व्हायचं ते झालं आसंल. मागचा भाव तर हाय ना!"

मग पालघर. तिथे रामनाथशेठ नावाचे दलाल, गादीवर बसलेले, मुंबईला फोन लावून शेअर घेऊन देणारे. वामननं धोतराच्या सोग्यातनं सहा हजार शंभर काढले, पन्नास शेअर घेतले. त्या दिवशी येसूबाई सोबत होती. ती एवढंच म्हणाली, "आनि नाय चढला तर?" वामन हसला. लग्नानंतर नवरा असा हसताना आपण दोनदाच बघितला, असं ती मला नंतर सांगत होती.

नाही चढला.

सप्टेंबरात लढाई सुरू झाली, भाव अठ्ठ्याण्णव. हा रोज सकाळी माझ्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या हातातला पेपर ओढून बघायचा. अठ्ठ्याण्णव. शंभर. एकशे चार. एकशे आठ. मी म्हणायचो, वामन, होड्या पाण्यात गेल्या, तू इथे काय करतोस? तर म्हणे, "दिवाळीला चढतो. मागचा भाव बगा, मागचा! दोन्ही दिवाळ्यांना चढलेला हाय." दिवाळी आली. एकशे आठ! दिवाळी गेली. एकशे आठच, आणि पेपरात शेजारी छापलेलं, 'स्थिर'! मग मात्र त्याचा धीर सुटला. बायकोला घेऊन तो पालघरला गेला आणि गादीपुढे वही आपटली. "शेट, ह्यो दोनशे चाळीसचा माल हाय! कवा होनार दोनशे चाळीस?"

रामनाथशेठनी चष्मा लावला. वही बघितली. ती सरळ रेघ बघितली. आणि अगदी हळू आवाजात, घरी कुणी आजारी असलं की डॉक्टर बोलतात ना तसं, म्हणाले, "वामनभाऊ, एप्रिलमध्ये कंपनीनं बोनस दिला ना! एकाला एक. ज्याच्याकडे एक शेअर होता त्याला आणखी एक, फुकट. एकाचे दोन झाले, म्हणून भाव निम्मा झाला. पडला नव्हता हो तो. जुना भाव बघायचा तर त्याचाही निम्मा करून बघायचा. तुमचे दोनशे चाळीस म्हणजे आजच्या हिशोबानं एकशे वीस."

वामनला कळेना. "मंग माजे दुसरे पन्नास कुटं हायत?"

"तुम्ही नंतर घेतलेत. बोनस आधीच्यांना."

"तुमी सांगितलं का नाय?"

"तुम्ही म्हणालात पन्नास घ्या. मी म्हटलं गिऱ्हाइकानं वही घातलीय, म्हणजे ह्यांना माहीत असणार!"

आणि आता बघा. चौथी शिकलेल्या वामनला जे सहा महिन्यांत कळलं नाही, ते एक अक्षर न शिकलेल्या येसूबाईला त्या गादीपुढे उभ्याउभ्या कळलं. ती म्हणाली, "म्हंजे पापलेट मधोमध कापलं, नि अर्ध्या तुकड्याचा भाव अर्धा सांगितला. यात सस्त काय झालं?" रामनाथशेठनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, मुंबईत मोठमोठ्या शिकलेल्यांना हे समजावताना माझा घसा बसतो." येसूबाई हसली नाही. पाटी उचलली आणि चालू लागली. बोईसरची गाडी येईस्तोवर दोघं फलाटावर बसली होती, मध्ये ती पाटी.

बरं, तेव्हा तरी विकावं की नाही? सहाशेसातशेचं नुकसान, गिळून टाकावं! मी सांगितलं, येसूबाईनं सांगितलं, दामूनंसुद्धा सांगितलं. पण नाही! आता ह्यानं नवीनच हट्ट धरला. "दोनशे चाळीस सोडलं, भाऊ. मी खुळा नाय. पन मी घेतला एकशे एकवीसला. तेवडा तरी येऊ दे. मागचा भाव..." मी म्हटलं, वामन, त्या कंपनीला काय माहीत तू कितीला घेतलास? तिला तू माहीत आहेस? मान डोलावली. पण विकले नाहीत. एकशे अकरा... एकशे चौदा... एकदा एकशे एकोणीस झाला, अहो, एकोणीस! मी हात जोडले. म्हणाला, "दोन रुपयेच ऱ्हायले."

आणि सहासष्टचा जून आला. सरकारनं एका रात्रीत रुपयाची किंमत उतरवली. माझ्या दुकानात सगळ्यांनी तो पेपर वाचला, कुणाला काही कळलं नाही. कळलं कुणाला? मशीन विकणाऱ्याला! ते मशीन विलायतेतून यायचं ना. आठ हजाराचं मशीन एकदम साडेअकरा हजार! येसूबाईनं स्वतः पालघरला नेऊन ते पन्नास कागद विकायला लावले, एकशे बाराला. हातात आले साडेपाच हजार आणि वर काही. आधी दोन हजार कमी पडत होते, आता सहा हजार.

वामननं होडी भाच्याला दिली. खांद्यानं ती ओढवत नव्हती. आता तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललंय ना, तिथे खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागलाय, तीन रुपये रोज. मुकादम हिंदीत शिव्या देतो, ह्याला निम्म्या कळत नाहीत, तेवढंच बरं. परवा सायकलला हवा भरायला आला. मी आपलं भीत भीत विचारलं, काय वामन, कसं काय चाललंय?

खिशातून तीन रुपये काढले, उलटे केले, सुलटे केले, परत ठेवले आणि म्हणाला, "स्थिर हाय."