मच्छरदानीतली किडनी

सालेकशाच्या बसमध्ये मागच्या सीटवर बहीण-भाऊ इतक्या जोरात भांडत होते, की नववीतल्या संध्यानं पुस्तक मिटूनच टाकलं.

"धनीराम, मलेरिया गेला तुहा! सोमवारी आपरेशन पक्कं!"

"मंग काऊन ओरडून राहिली, ताई?"

"मागच्या महिन्यात मोहफुलं वेचाले जंगलात गेला, तापला, अन् आपरेशन पुढं गेलं. आता मच्छरदानीतून निघाचं नाही!"

"दिवसा बी?"

"दिवसा बी. माही किडनी हाय तुह्याजवळ!"

"सोमवारपर्यंत माहीच हाय!"

"मोठा आला मालक!"

"बरं, किडनी भेटल्यावर काय करशील?"

"दोन वर्षं डायलिसिसवर हाओ, डाक्टरनं घोटघोटच पाणी देल्लं. आता तांब्याभर पिईन, गटागटा, तुह्यासमोर. अन् तुले एक थेंब देणार नाही!"