गरम कचौडीची गुप्त बातमी

ग्वाल्हेरात आपली मराठी फार कामाची आहे, असं मी परवापर्यंत सगळ्यांना सांगत होतो. भाजीवाल्यासमोर, टेम्पोत, कुठेही बायकोशी खुशाल बोलावं, कोणाला पत्ता लागत नाही.

परवा रविवारी सकाळी आम्ही थाटीपुरात कचौडी खायला गेलो. रांगेत आमच्यापुढे तिघं होते. परातीत चारच कचौड्या उरलेल्या, त्याही गार. पण मागे कढईत नवा घाणा मस्त फुगत होता. मी बायकोला म्हटलं, "या घ्यायच्या नाहीत. जरा टंगळमंगळ करू, पाच मिनिटांत गरम निघतील."

"अहो, हळू बोला."

"अगं, इथे कोणाला मराठी येतंय!"

तेवढ्यात दुकानदाराने पहिल्या गृहस्थांना विचारलं, "हाँ जी, कितनी?" ते खिसे चाचपत म्हणाले, "पहले इनको दे दो." त्यांच्यामागच्या बाईंनी न वाजलेला फोन कानाला लावला आणि आम्हाला पुढे जायची खूण केली. तिसरे एक आजोबा होते. ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. पायात चपला होत्या!

मी तोंड उघडायच्या आत दुकानदाराने चारही कचौड्या दोन द्रोणांत कुस्करल्या, वर आलूची भाजी ओतली आणि माझ्या हातात ठेवल्या.

मी आजोबांकडे पाहिलं. ते सरळ उभे राहिले आणि गोड हसून अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, "घ्या हो, आम्हाला काही घाई नाही."