आधी काळा वायर

स्टोव्हवर चहाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेवढाच काय तो गॅरेजातला आवाज. कपाशीवर बोंडअळीचं औषध फवारताना फकीर मोहम्मदच्या डोळ्यांत गेलं, नजर गेली, आणि त्याच्या गॅरेजचा पान्हा त्याच्या बायकोच्या, सरवरीच्या हाती आला. आज ती पहिल्यांदाच गाडीची बॅटरी काढत होती. गाडी सुलभाची, ती लेकीला घेऊन बाकावर बसली होती.

"अंगठी काढली?"

"निकाहपासून एकदाबी नाही काढली."

"म्हणूनच विचारून राह्यलो. पान्हा अन् अंगठी दोन्ही बॅटरीले टेकले का करंट जाऊन बोट भाजते. दे इकडं."

"तुम्ही हरवसान."

"करंगळीत घालतो. झालं? चाबी बंद आहे का पाह्य. मंग आधी कोणता वायर?"

"लाल."

"सरवरी."

"काळा हो, काळा. गंमत केली."

"गंमत नको करू. ठिणगी उडते. तोंड दूर ठेव, डोळे जप. घरात तेवढेच दोन उरले."

"...निघाला."

"ठिणगी?"

"नाही उडली."

फकीर मोहम्मद तिच्या आवाजाकडं मान वळवून हसला.

"आई," हिमानीनं सुलभाच्या कानाशी विचारलं, "काकांना तर दिसत नाही. मग ते काय पाहून हसले?"