निरोप झाला, जाणं राहिलं

आमचं घराणं तेल्याचं. तेली म्हणजे शनवार तेली, कुलाबा जिल्ह्यातले, शनिवारी घाण्याचा बैल सोडून देणारे, म्हणून गावाने दिलेलं नाव. कुणी विचारलं, तुम्ही नक्की कोण हो, तर आजोबा सांगायचे, आम्ही इस्रायल लोक, आणि विचारणारा म्हणायचा, असं होय, आणि तेल घेऊन जायचा. आमच्यात सांगतात, फार फार पूर्वी आमच्या पूर्वजांचं जहाज किनाऱ्याजवळ फुटलं आणि वाचलेली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी वर आली. म्हणजे बघा, इथे येताना आम्हाला सामानाची यादी करावी लागली नव्हती. परत जायची गोष्ट निघाली तेव्हा मात्र यादी करण्यातच आमची वर्षं गेली.

मी ठाण्यातच जन्मले, टेंभी नाक्याच्या मागे, ठाण्यातच शिकले आणि तिथेच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. नाव रिबका, पण मुली रेखाबाई म्हणायच्या, मीही ओ द्यायचे. आमचे हे कापडाच्या गिरणीत फिटर. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि मुलगी फ्लोरा, चाळीतली एक खोली आणि पुढे पडवी. काही कमी नव्हतं आणि काही जास्तही नव्हतं.

मग स्वातंत्र्य आलं, पुढल्या वर्षी तिकडे इस्रायलचं राज्य झालं, आणि आमच्या मशिदीत, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, आम्ही त्याला मशीदच म्हणतो, मुंबईची सुटातली माणसं येऊन भाषणं द्यायला लागली. एक म्हणाले, तिथे नळाला चोवीस तास पाणी आहे. दुसरे म्हणाले, तिथे आपल्याला वाळवंटात बाग फुलवायची आहे. घरी येताना मी यांना म्हटलं, पाणी चोवीस तास आहे तर वाळवंट कशाला राहिलं? हे म्हणाले, तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे. यांच्या डोळ्यांत पाणी होतं हो. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, जाऊ या, एकदा तरी अशा गावात राहू या जिथे तुम्ही नक्की कोण असं कुणी विचारणार नाही.

तर ठरलं. तिकिटाचं तिकडचे लोक बघणार होते, पण बाकीचं सगळं आपलं, आणि सामान माणशी चव्वेचाळीस रत्तल. काय सांगू तुम्हाला, त्या चव्वेचाळीस रत्तलांनी आमच्या घरात जो धुमाकूळ घातला. यांनी एक वही केली आणि रोज गिरणीतून आले की एकेक वस्तू वाण्याच्या तराजूवर नेऊन तोलायला लागले. वाणी पहिले चार दिवस हसला, पाचव्या दिवशी म्हणाला, फिटरसाहेब, आता भाडं लावतो तराजूचं. तांब्याचा हंडा गेला. म्हणजे वहीतून गेला. सागवानी पेटी रिकामीच इतकी भरली की तीत ठेवायला वजन उरेना. पाटा-वरवंट्याचं तर विचारूच नका, एका माणसाचा सगळा हिस्सा तोच खाऊन बसला असता. मी म्हटलं, मग तिथे वाटायचं कशावर? हे म्हणाले, तिथे वाटत नाहीत. मग खातात काय? त्याचं उत्तर वहीत नव्हतं.

थंडी असते म्हणून लोकरी कोट शिवायला टाकले. ठाण्यातला शिंपी, एप्रिल महिना, आणि आम्ही चौघं ओळीने उभे राहून कोट घालून बघतोय. शिंपी म्हणाला, बाई, हे कोट घालून कुठे निघालात, वाटेतच उबून जाल. दाखले, फोटो, टोचून घेणं, मुंबईच्या खेपा, शिलकीतलं सगळं त्यात जात होतं. सासूबाईंनी मात्र काही म्हणजे काही मागितलं नाही. एक गाठोडं बांधून कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाल्या, माझं एवढंच. आम्हाला दोघांना वाटलं, म्हातारीला यायचंच नाहीये, म्हणून बोलत नाही.

आता आमची चूक सांगते. डॉक्टरची तपासणी अजून व्हायची होती. पण आमचे मुख्याध्यापक म्हणाले, रेखाबाई, सुट्टी लागायच्या आत तुमचा निरोपसमारंभ उरकू या, अध्यक्ष म्हणून नगरपालिकेतले एक बडे सभासद मिळतायत आणि त्यांना हाच रविवार मोकळा आहे. आमच्याकडे माणूस कधी जाणार ते अध्यक्षांच्या सोयीने ठरतं. झाला समारंभ. सभासद पाऊण तास बोलले, म्हणाले, भगिनी रेखाबाई आज आपल्या मायदेशी परत चालल्या आहेत. माझं माहेर सभेपासून चार मिनिटांवर होतं, आई पहिल्या रांगेत बसली होती. मग शाल, नारळ, हार, फोटो. शाळेने केलं म्हटल्यावर गिरणीने केलं, गिरणीने केलं म्हटल्यावर चाळीने केलं, आणि मशिदीत मलिदा झाला, पोहे, गूळ, खोबरं, आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं, नाव घेऊन सगळ्यांनी आशीर्वाद दिले. चार निरोप झाले. मालतीबाई म्हणजे शेजारीण, तिने माझी ओटी भरली आणि रडली, मी तिला पाटा-वरवंटा दिला. हंडा मावशीला, पेटी माझ्या भावाला, पलंग वरच्या मजल्यावर. मी नोकरीचा राजीनामा दिला, यांनी दिला. खोलीसुद्धा एका सिंधी गृहस्थांना देऊ केली, ते बिचारे विठ्ठलवाडीकडच्या छावणीत बायकापोरांसह राहत होते, त्यांच्याकडून निम्मी पागडी घेतली आणि ती कोटांत गेली.

मग तपासणी झाली. डॉक्टरांनी सासूबाईंची पापणी उलटी केली आणि म्हणाले, खुपऱ्या आहेत. तीन महिने औषध घाला, मग या. हे म्हणाले, साहेब, आमचा निरोप झालाय. डॉक्टर म्हणाले, त्यावर माझ्याकडे औषध नाही.

आलो परत. चाळीत शिरलो तर मालतीबाईने दारातून विचारलं, अगं, काही न्यायचं राहिलं का? मी म्हटलं, आम्हीच राहिलो.

तुम्हाला हसू येतंय, यायलाच पाहिजे, पण तुम्ही कधी निरोप घेतलेल्या गावात राहून बघितलंय? माणूस मेला तरी लोक चार दिवस आठवण काढतात, आम्ही तर समोर उभे. नारळवाला विचारायचा, बाई, अजून इथेच? गिरणीतले लोक समोरून आले की घड्याळ बघायचे. मुख्याध्यापक एकदा भाजीबाजारात दिसले, त्यांनी दुधी खाली ठेवला आणि दुसऱ्या गल्लीने गेले, त्यांची तरी काय चूक, माझ्या जागेवर दुसरी बाई घेतली होती आणि समारंभाचा खर्च मंजूर झाला होता. रोज सकाळी मी माझाच पाटा मागायला मालतीबाईच्या दारात. ती देवमाणूस, लगेच द्यायची, पण तिच्या सासूबाई आतून म्हणायच्या, जपून वापर हो, परवाच टाकी लावून घेतलीये. हे पहिले काही दिवस भेटेल त्याला सगळं सविस्तर सांगायचे, खुपऱ्या म्हणजे काय इथपासून. मग नुसतं म्हणायला लागले, आता लवकरच. मग बाहेर जायचेच बंद झाले. आणि दर रविवारी ते सिंधी गृहस्थ यायचे, पडवीत बसायचे, बहेनजी, कब जाना है, आणि बोलता बोलता भिंतीला टेप लावून कपाटाची जागा मोजायचे. रागवायचं कुणावर?

तीन महिने मी सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घातलं. सकाळ-संध्याकाळ, पापणी उलटून, काचेच्या काडीने मलम. आग व्हायची त्यांना, पण माझा हात धरून बसायच्या, हूं नाही की चूं नाही. यांना बघवायचं नाही, हे पडवीत जाऊन उभे. तीन महिन्यांनी गेलो. डॉक्टर म्हणाले, आजींचे डोळे छान सुधारलेत. हे खुर्चीतून उठलेच. डॉक्टर म्हणाले, बसा. आता मुलीला झाल्यात.

घरी येऊन मी फ्लोराला विचारलं तेव्हा उलगडा झाला. त्या समारंभांपासून सासूबाईंच्या मनाने घेतलं होतं की एवढ्या लोकांच्या नजरा पोरीला लागल्या. म्हणून रोज संध्याकाळी आपल्या डबीतलं काजळ, आपल्याच बोटाने, आधी स्वतःला आणि मग नातीला. मी एका हाताने औषध घालत होते आणि म्हातारी दुसऱ्या हाताने आजार पुढे पोचवत होती. हे आईला एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. ती डबी उचलली आणि खाडीत टाकून आले. पण त्या दिवसापासून आमचं दोघांचं ठरून गेलं, न बोलता, की आम्ही अडकलो ते म्हातारीमुळे.

त्या गृहस्थांना शब्द दिलेला होता, त्यांच्या बायकोला दिवस गेलेले, खोली रिकामी करून दिली. म्हटलं, तीनच महिने तर काढायचे, डोंबिवलीत खोली स्वस्त मिळते आणि मुख्य म्हणजे तिथे आपल्याला कुणी निरोप दिलेला नाही. ट्रंका बांधलेल्याच होत्या. माणशी चव्वेचाळीस रत्तल, बरोब्बर, एक छटाकही जास्त नाही, असे आम्ही डोंबिवलीला गेलो. जायचं होतं समुद्रापलीकडे, पोचलो खाडीपलीकडे.

फ्लोराचे डोळे बरे झाले. तेव्हा मुंबईच्या इस्रायली कचेरीतून कळलं, सध्या थांबा, पुढे कळवू. हे विचारून आले, थांबा म्हणजे किती? तिथला कारकून म्हणाला, तेही कळवू. दरम्यान पोट तर होतं. यांना कल्याणपलीकडे मोहन्याला कारखान्यात काम लागलं, आधी रोजंदारीवर, मग कायम. मला इथे शाळा मिळाली. दर वर्षी कचेरीचा कागद यायचा, अजून इच्छा आहे का, आणि हे सही करून पाठवायचे, आहे. जे आधी गेले त्यांची पत्रं यायची. यांच्या चुलतभावाने लिहिलं, पत्र्याच्या घरात राहतो, काम कष्टाचं आहे, पण मुलं फडाफडा हिब्रू बोलतात, आणि येताना हळद-तिखट जरूर आणा. असं पत्र आलं की दोन दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवायचं नाही. जावंसं वाटतंय म्हणून की नाही म्हणून, ते विचारू नका.

आणि आता गेल्या महिन्यात परवानगी आली. चौघांची. शनिवारी दुपारी, सासूबाई शेजारी गेलेल्या असताना, हे कागद घेऊन खाटेवर बसले आणि तो दोनदा वाचला. दहा वर्षं ज्या कागदासाठी काढली तो आला, आणि घरात कुणी हललं नाही. फ्लोरा आठवीत, ती म्हणाली, मी नाही येणार, माझी शाळा आहे. मला पुढल्या वर्षी मुख्याध्यापिका करणार आहेत. यांचा प्रॉव्हिडंट फंड आत्ता कुठे उभा राहतोय. पण हे असलं काही बोलले नाहीत. म्हणाले, आईला झेपेल का? मी लगेच म्हटलं, छे, या वयात कुठलं झेपतंय. आणि आम्हाला दोघांना इतकं बरं वाटलं, काय सांगू.

तरी मनाला टोचत होतं. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, सासूबाई, समजा जायचं झालंच तर? त्यांनी खडा काढून बाजूला ठेवला. म्हणाल्या, माझे डोळे सगळ्यांनी बघितले गं, मला कुणी विचारलं नाही. मी तर पहिल्या दिवसापासून तयार आहे. म्हटलं, मग त्या वेळी काही मागितलं कसं नाहीत? म्हणाल्या, मरायला जाणाऱ्या माणसाला काय लागतं? तिथली माती मिळाली की झालं.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, ऐकलं मी आतून. तिसऱ्या दिवशी शाई आणि कागद घेऊन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. मी लिहिलं, मातोश्रींची प्रकृती ठीक नसल्यामुळे तूर्त येणं शक्य नाही, क्षमस्व. यांनी सही केली. तिकीट मी लावलं, पेटीतही मीच टाकून आले. मुलींना खोटं बोलू नका म्हणून शिकवते, बरं का, रोज, पहिल्या तासाला.

चालायचंच. जे गेले त्यांना देव सुखी ठेवो, आम्ही इथे बरे आहोत. सासूबाईंच्या तब्येतीला तर काही झालेलं नाही. डोळे आता माझ्यापेक्षा चांगले आहेत, सुईत दोरा त्याच ओवून देतात. रोज दुपारी कचेरीच्या कागदाची वाट बघत दारात बसतात, टपालवाला गल्लीच्या तोंडाशी असतो तेव्हाच त्यांना दिसतो, आणि तो पुढे निघून गेला की आत येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवतात, म्हणतात, देव तुझं भलं करो पोरी, तुझ्यामुळे दिसतंय मला.