कुरडयांचा पहारा

कॅमेऱ्याचं कौतुक मला सांगू नका राव! तामलवाडीजवळ आमच्या पाण्याचं काम करणाऱ्या संस्थेचं ऑफिस हाय ना, तिथल्या सोलरच्या बॅटऱ्या दोनदा चोरीला गेल्या. मग कॅमेरा बसवला, तर कॅमेराच गेला. पुण्याचे साहेब म्हणले, "आता ऑफिसच बंद करू."

म्या समोरच्या सोजरकाकूंना म्हणलं, "काकू, ऑफिसचं अंगण रिकामंच हाय, वाळवण घाला की." झालं! अख्ख्या गल्लीच्या कुरडया आमच्या अंगणात, अन् राखणीला काकू, हातात काठी घेऊन. माणूस सोडा, कावळा फिरकायचा बंद झाला.

त्यात साहेबांना हुक्की आली, गुपचूप येऊन सुरक्षा तपासायची. भर दुपारी मागच्या भिंतीवरून उडी मारली, ती थेट ओल्या कुरडयांवर!

मी पळत आलो, तर वाळवणाच्याच लुगड्यानं साहेब खांबाला बांधलेले.

"अहो, मी या संस्थेचा साहेब आहे!"

"साहेब भिंतीवरून येतो व्हय रं?" काकूंनी काठी आपटली.

सोडवलं, चहा पाजला. कपडे झटकता झटकता साहेब खूश झाले, पर एक शंका काय त्यांना सोडंना. "काकू, एवढी कडक राखण करता, मग बॅटऱ्या गेल्या तेव्हा कुठं होता तुम्ही?"

"इथंच की, समोर दारात बसलेली," मोडक्या कुरडया गोळा करत काकू म्हणल्या. "पर तवा आत आमचं काय हुतं?"